केवळ कॅल्शियम पुरेसे नाही : हाडे आणि सूक्ष्म खनिजे

प्रौढ माणसाच्या शरीरात साधारण एक ते सव्वा किलो कॅल्शियम असते आणि त्यातले ९९ टक्के हाडांत व दातांत साठलेले असते. त्यामुळे हाडांचा विषय निघाला की कॅल्शियमचेच नाव पुढे येते. परंतु नुसत्या कॅल्शियमने हाड तयार होत नाही. जस्त, तांबे, मँगनीज, लोह, सेलेनियम, फ्लोराईड अशी काही खनिजे शरीरात अगदी अल्प प्रमाणात असतात. त्यांपैकी काही कमी पडली तर कॅल्शियम भरपूर असूनही हाडाची घडण बिघडते, आणि यातलेच एखादे प्रमाणाबाहेर गेले तरी हाडाला अपाय होतो.

हाडाची घडण

वाळलेले हाड निर्जीव आणि टणक दिसते, पण शरीरातले हाड ही जिवंत ऊती आहे. तिच्यात रक्तवाहिन्या असतात, मज्जातंतू असतात, आणि तिची मोडतोड व बांधणी आयुष्यभर चालू असते. हाडाच्या वजनाचा सुमारे दोन तृतीयांश भाग खनिजांचा असतो. कॅल्शियम आणि फॉस्फेट यांपासून बनलेले हायड्रॉक्सिअ‍ॅपटाइट नावाचे बारीक स्फटिक हे त्यातले मुख्य द्रव्य. उरलेल्या भागात थोडे पाणी आणि बाकी प्रथिने असतात, त्यांत बहुतांश कोलॅजेन. सिमेंटच्या खांबात लोखंडी सळ्या जे काम करतात, तेच हाडात कोलॅजेनचे धागे करतात. खनिजांमुळे हाडाला कडकपणा येतो आणि कोलॅजेनमुळे थोडे लवचीकपण राहते. कोलॅजेन कमकुवत झाले तर कॅल्शियमने भरलेले हाडही धक्क्याने मोडते.

हाडात दोन प्रकारच्या पेशी सतत कामात असतात. हाडभक्षक पेशी जुने हाड विरघळवतात आणि हाडजनक पेशी त्या जागी नवे हाड घालतात. एखाद्या ठिकाणचे जुने हाड काढायला काही आठवडे लागतात, तर ती जागा भरून यायला तीन-चार महिने. प्रौढ माणसाचा साधारण दहा टक्के सांगाडा दरवर्षी असा नवा होतो. तिशीच्या आसपास हाडांचे वस्तुमान सर्वाधिक असते. त्यानंतर घट सुरू होते, ती आधी संथ असते. स्त्रियांमध्ये पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन कमी होते, हाडभक्षक पेशींवरचा लगाम सुटतो, आणि पहिल्या काही वर्षांत मणक्यांचे हाड दरसाल दोन-तीन टक्क्यांपर्यंत कमी होऊ शकते. भारतीय स्त्रियांची पाळी पाश्चात्त्य स्त्रियांपेक्षा काही वर्षे आधी जाते, त्यामुळे ही झीजही लवकर सुरू होते. झीज वाढत जाऊन हाडे ठिसूळ झाली की त्या अवस्थेला ऑस्टिओपोरोसिस म्हणतात. मग साधे घसरून पडणेही मनगट, मणका किंवा खुब्याचे हाड मोडायला पुरते.

ज्या खनिजांची रोजची गरज १०० मिलिग्रॅमपेक्षा कमी असते, त्यांना सूक्ष्म खनिजे म्हणतात. कॅल्शियम, फॉस्फरस आणि मॅग्नेशियम या व्याख्येत बसत नाहीत, कारण त्यांची गरज बरीच मोठी आहे. सूक्ष्म खनिजे हाडाच्या वजनात फारशी भर घालत नाहीत. त्यांचे काम विकरांमध्ये, म्हणजे एन्झाइमांमध्ये, चालते. हाड बांधणारी अनेक विकरे अशा एखाद्या धातूच्या अणूवाचून निष्क्रिय राहतात.

जस्त

शरीरात एकूण दोन ग्रॅमच्या आसपास जस्त असते आणि त्यातले साधारण ३० टक्के हाडांत असते. रक्ततपासणीच्या अहवालात ‘अल्कलाइन फॉस्फेटेज’ हे नाव अनेकांनी वाचलेले असेल. यकृतासाठी तपासले जाणारे हे विकर हाडजनक पेशीही तयार करतात आणि ते जस्तावर चालते. हाडात खनिजांचे स्फटिक बनण्याला पायरोफॉस्फेट नावाचे द्रव्य अडथळा आणते. अल्कलाइन फॉस्फेटेज ते फोडते, त्यातून फॉस्फेट मोकळे होते आणि स्फटिक वाढू लागतात. याशिवाय हाडजनक पेशींच्या वाढीला व प्रथिने तयार करण्यालाही जस्त लागते.

माणसाला जस्ताची कमतरता होऊ शकते, ही गोष्ट वैद्यकाने फार उशिरा मान्य केली. त्याचे श्रेय बिहारमध्ये जन्मलेल्या डॉ. आनंद प्रसाद यांना जाते. इराणमधील शिराझ येथे काम करताना त्यांच्यापुढे एकवीस वर्षांचा एक तरुण आला. तो दिसायला दहा वर्षांच्या मुलाएवढा होता आणि वयात आल्याची कोणतीही खूण त्याच्या शरीरावर नव्हती. त्याच्या आहारात मुख्यतः न आंबवलेली गव्हाची रोटी होती, शिवाय त्याला माती खाण्याची सवय होती. असे आणखी रुग्ण आढळल्यावर १९६१ मध्ये त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी हे निरीक्षण प्रसिद्ध केले. पुढे इजिप्तमधील अभ्यासात अशा तरुणांच्या शरीरात जस्त कमी असल्याचे सिद्ध झाले, आणि जस्त दिल्यावर त्यांची खुंटलेली उंची वाढू लागली.

रोटीत जस्त नव्हते असे नाही. धान्याच्या कोंड्यात फायटेट नावाचे द्रव्य असते, ते आतड्यात जस्ताला धरून ठेवते आणि शरीरात जाऊ देत नाही. पोळी, भाकरी, भात आणि डाळ यांवर भिस्त असलेल्या भारतीय आहारालाही हे लागू पडते. म्हणूनच भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० मध्ये प्रौढ पुरुषांसाठी रोज १७ आणि स्त्रियांसाठी १३.२ मिलिग्रॅम जस्ताची शिफारस केली. पाश्चात्त्य देशांतल्या शिफारशींपेक्षा हे आकडे जास्त आहेत, कारण आपल्या ताटातले जस्त तेवढ्या सहजपणे अंगी लागत नाही.

तांबे

प्रौढ शरीरात तांबे फक्त १०० मिलिग्रॅमच्या आसपास असते. तरीही हाडाच्या बळकटीत त्याचा वाटा मोठा आहे. कोलॅजेनचे धागे नुसते शेजारी-शेजारी असून भागत नाही, ते एकमेकांना आडव्या बंधांनी जोडले जावे लागतात. हे बंध घालण्याची सुरुवात लायसिल ऑक्सिडेज हे विकर करते आणि ते तांब्यावर चालते. तांबे कमी पडले की धागे सैल राहतात आणि हाड कमकुवत होते. मेंकेस हा दुर्मीळ जन्मजात आजार असलेल्या बालकांचे शरीर तांबे नीट वापरू शकत नाही. त्यांची हाडे विरळ होतात आणि सहज मोडतात.

जस्त आणि तांबे यांचे आतड्यात जमत नाही. फार जस्त पोटात गेले की आतड्याच्या पेशी मेटॅलोथायोनिन नावाचे प्रथिन अधिक बनवतात. हे प्रथिन तांबे घट्ट धरून ठेवते आणि त्या पेशी झडल्या की तांबे मलावाटे निघून जाते. जस्ताच्या जास्त ताकदीच्या गोळ्या महिनोन्महिने घेतल्याने तांब्याची कमतरता होऊन रक्तक्षय आणि मज्जातंतूंचे विकार झालेले रुग्ण वैद्यकाला ठाऊक आहेत. कोविडच्या साथीत ५० मिलिग्रॅमच्या झिंकच्या गोळ्या अनेक घरांत आल्या. दिवसाला ४० मिलिग्रॅम ही प्रौढांसाठी जस्ताची वरची मर्यादा मानली जाते. थोड्या दिवसांच्या उपचारासाठी डॉक्टर ती ओलांडू शकतात, पण अशी गोळी मनानेच चालू ठेवणे हाडांनाही हिताचे नाही.

मँगनीज, लोह आणि सेलेनियम

मँगनीजचे महत्त्व पहिल्यांदा कुक्कुटपालनात लक्षात आले. १९३०च्या दशकात अमेरिकेत कोंबडीच्या पिल्लांचे पाय वाकडे होत आणि टाचेवरचा स्नायुबंध जागेवरून सरकत असे. खाद्यात मँगनीज घातल्यावर हा रोग टळला. हाडाचा आणि कूर्चेचा जो चिकट पाया असतो, तो बांधणाऱ्या विकरांना मँगनीज लागते. धान्ये, डाळी, कवचाची फळे आणि चहा यांत ते भरपूर असल्याने माणसात त्याची कमतरता क्वचितच होते.

१९९४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेला एक अभ्यास या संदर्भात नेहमी सांगितला जातो. पाळी गेलेल्या ५९ स्त्रियांचे चार गट करून दोन वर्षे त्यांच्या मणक्यांची घनता मोजण्यात आली. काहीच खनिज न मिळालेल्या गटात ती सुमारे साडेतीन टक्क्यांनी घटली. फक्त कॅल्शियम मिळालेल्या गटात आणि फक्त जस्त, तांबे व मँगनीज मिळालेल्या गटातही घट झाली, पण ती कमी होती. कॅल्शियमच्या जोडीला ही तिन्ही खनिजे मिळाली त्या गटात मात्र घनता सुमारे दीड टक्क्याने वाढली. अभ्यास लहान होता, त्यामुळे त्यावरून सर्वांनी गोळ्या घ्याव्यात असे ठरत नाही. कॅल्शियम आणि सूक्ष्म खनिजे एकमेकांना पूरक ठरतात, एवढे मात्र त्यातून दिसते.

लोह रक्तासाठी लागते हे सर्वांना माहीत आहे. कोलॅजेनचे धागे पीळ धरून घट्ट होण्यासाठी जी विकरे काम करतात, त्यांनाही लोह आणि क जीवनसत्त्व दोन्ही लागतात. उलट, शरीरात लोह साचत गेले, उदाहरणार्थ वारंवार रक्त घ्यावे लागणाऱ्या थॅलेसेमियाच्या रुग्णांत, तर हाडे विरळ होण्याचा धोका वाढतो.

सेलेनियमचा संबंध सांध्यांशी दिसतो. चीनच्या ईशान्येकडून तिबेटपर्यंत जमिनीचा एक पट्टा सेलेनियमच्या बाबतीत गरीब आहे. तिथे काशिन-बेक हा आजार आढळतो. त्यात वाढत्या वयातल्या मुलांच्या कूर्चेचे नुकसान होते, सांधे जाड व वाकडे होतात आणि बोटे आखूड राहतात. सेलेनियमची कमतरता हे त्याचे एक कारण मानले जाते. धान्यावरच्या बुरशीचे विष हेही त्याच्या जोडीला असावे, असे अभ्यासक मानतात.

फ्लोराईड : दाट हाड म्हणजे बळकट हाड नव्हे

सूक्ष्म खनिजांत भारताच्या दृष्टीने सर्वांत गंभीर प्रश्न फ्लोराईडचा आहे, आणि तो अतिरेकाचा आहे. थोडे फ्लोराईड दातांच्या आवरणाला कीड लागू देत नाही. जास्त फ्लोराईड मात्र हाडाच्या स्फटिकात शिरून बसते. हाड क्ष-किरणात दाट दिसते, पण त्याची घडण बिघडलेली असते. शिवाय स्नायुबंधांत आणि अस्थिबंधांतही खनिजे साठू लागतात. पाठीचा कणा ताठतो, सांधे आखडतात. मान खाली करून हनुवटी छातीला लावता येत नाही, गुडघे न वाकवता पायाची बोटे धरता येत नाहीत, हात डोक्यामागे नेऊन जोडता येत नाहीत. या तीन साध्या हालचाली करायला सांगूनच गावपातळीवरचे आरोग्य कर्मचारी संशयित रुग्ण ओळखतात.

भारतात अशा रुग्णांची नोंद १९३७ मध्ये तेव्हाच्या मद्रास प्रांतातील नेल्लोर जिल्ह्यातून झाली. खडकांतली फ्लोराईडयुक्त खनिजे भूजलात उतरतात आणि खोल बोअरवेलच्या पाण्यात त्यांचे प्रमाण वाढू शकते. महाराष्ट्रात यवतमाळ, चंद्रपूर आणि नांदेड या जिल्ह्यांतील काही गावे या त्रासाने ग्रासलेली आहेत. भारतीय मानकानुसार पिण्याच्या एक लीटर पाण्यात १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराईड चालते. दुसरे पाणी मिळतच नसेल तर ही मर्यादा दीड मिलिग्रॅमपर्यंत जाते. लीटरमागे ३ ते ६ मिलिग्रॅम फ्लोराईड असलेले पाणी वर्षानुवर्षे प्यायल्यास सांगाड्यावर परिणाम दिसू शकतो. आहारात कॅल्शियम कमी असेल तर हानी अधिक होते.

दाट हाड म्हणजे बळकट हाड नव्हे, याचा पुरावा एका औषधोपचाराच्या चाचणीनेही दिला. फ्लोराईडमुळे हाडांची घनता वाढते, म्हणून ठिसूळ हाडांवर ते औषध म्हणून देऊन पाहिले गेले. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये पाळी गेलेल्या २०२ स्त्रियांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष १९९० मध्ये प्रसिद्ध झाले. कॅल्शियमसोबत रोज ७५ मिलिग्रॅम सोडियम फ्लोराईड घेणाऱ्या गटात कमरेच्या मणक्यांची घनता चार वर्षांत ३५ टक्क्यांनी वाढली. तरीही मणके मोडण्याचे प्रमाण लक्षणीयरीत्या कमी झाले नाही. मणक्यांखेरीज इतर हाडे मोडण्याचे प्रमाण तर फ्लोराईड न घेणाऱ्या गटाच्या तिप्पट निघाले.

एका खनिजाचा प्रश्न दुसऱ्यात कसा गुंततो, हे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या संशोधकांना दिसले. नागार्जुनसागर धरणाच्या परिसरात फ्लोराईडग्रस्त गावांतल्या तरुणांचे गुडघे आत वळलेले होते आणि पायांची हाडे विरळ झाली होती. १९७३ मध्ये याची नोंद प्रसिद्ध झाली. पुढच्या अभ्यासात तिथल्या ज्वारीत मॉलिब्डेनम जास्त आढळले. मॉलिब्डेनममुळे शरीरातले तांबे अधिक प्रमाणात बाहेर पडते. धरणाच्या पाझराने भूजल वर आले, जमीन अल्कधर्मी झाली आणि पिकात मॉलिब्डेनम वाढले, असे स्पष्टीकरण संशोधकांनी मांडले. पाणी, जमीन, पीक आणि हाड यांचा इतका जवळचा संबंध असतो.

पाण्यातल्या फ्लोराईडवर स्वस्तातला उपाय नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने, म्हणजे ‘नीरी’ने, विकसित केला. आंध्रातील, आता तेलंगणात असलेल्या नलगोंडा या फ्लोराईडग्रस्त जिल्ह्याच्या नावाने ही पद्धत ओळखली जाते. पाण्यात ठरलेल्या प्रमाणात चुना आणि तुरटी घालून सावकाश ढवळतात. पाण्यात पांढरट साका धरतो आणि फ्लोराईड त्याला चिकटून येते. तासभर स्थिर ठेवल्यावर साका तळाशी बसतो आणि वरचे निवळ पाणी काढून घेतात. आरओ यंत्रानेही फ्लोराईड कमी होते. पाणी उकळून मात्र काहीच साधत नाही. वाफ निघून जाते आणि उरलेल्या पाण्यात फ्लोराईडचे प्रमाण थोडे वाढतेच.

बोरॉन, स्ट्रॉन्शियम आणि घातक धातू

बोरॉन आणि सिलिकॉन ही दोन नावे हाडांच्या गोळ्यांच्या वेष्टनावर अनेकदा दिसतात. दोन्हींवर संशोधन झाले आहे, पण ती माणसाला अत्यावश्यक आहेत असे अजून सिद्ध झालेले नाही आणि त्यांची रोजची शिफारसही ठरलेली नाही. स्ट्रॉन्शियमचा अणू कॅल्शियमसारखाच हाडात जाऊन बसतो. त्यापासून बनवलेले स्ट्रॉन्शियम रॅनेलेट हे औषध २००४ पासून युरोपात दिले जात होते. हृदयविकाराचा धोका दिसल्यावर त्यावर कडक निर्बंध आले. शिवाय स्ट्रॉन्शियमचा अणू कॅल्शियमपेक्षा जड असल्याने घनतेच्या तपासणीत हाड प्रत्यक्षापेक्षा चांगले दिसते.

शिसे आणि कॅडमियम यांचा शरीराला काहीच उपयोग नाही. प्रौढांच्या शरीरातले ९० टक्क्यांहून अधिक शिसे हाडांत साठते आणि तिथे दशकानुदशके राहते. गरोदरपणात किंवा पाळी गेल्यावर हाड झपाट्याने विरघळू लागले की ते पुन्हा रक्तात उतरते. जपानमधील जिन्झू नदीच्या खोऱ्यात खाणीतले कॅडमियम नदीवाटे भातशेतीत गेले. तिथल्या विशेषतः वयस्क स्त्रियांची मूत्रपिंडे निकामी होऊ लागली, हाडे मऊ पडली आणि साध्या हालचालीने मोडू लागली. वेदनेने रुग्ण ‘इताई, इताई’ म्हणजे ‘दुखते, दुखते’ असे कण्हत, म्हणून या आजाराचे नाव ‘इताई-इताई’ पडले. १९६८ मध्ये जपान सरकारने तो प्रदूषणामुळे झालेला आजार असल्याचे अधिकृतपणे मान्य केले. तंबाखूच्या पानातही कॅडमियम साठते, त्यामुळे धूम्रपान हाडांना दुहेरी बाधते.

रोजच्या ताटात काय असावे

सूक्ष्म खनिजे मिळवण्याचा सुरक्षित मार्ग आहार हाच आहे, कारण अन्नातून ती मर्यादेबाहेर जाणे कठीण असते. महाराष्ट्राच्या आणि गोव्याच्या स्वयंपाकात यासाठी लागणारे बहुतेक सारे आहे. १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, तेवढ्याच गव्हात किंवा ज्वारीत ते ५०च्याही आत असते. सालासकट तिळाच्या १०० ग्रॅममध्ये हजार मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते, शिवाय सातेक मिलिग्रॅम जस्त आणि भरपूर तांबे. साल काढलेल्या, पॉलिश केलेल्या तिळात मात्र कॅल्शियम फारच कमी उरते. जवस, कारळे, लाल भोपळ्याच्या बिया, काजू, शेंगदाणे, हरभरे आणि डाळी यांतून जस्त, तांबे व मँगनीज मिळते. मांसाहारी घरांत मटण, अंडी, काट्यांसकट खाल्ली जाणारी छोटी मासळी आणि किनारपट्टीवर मिळणारी कालवे हे उत्तम स्रोत आहेत. कालवांइतके जस्त क्वचितच दुसऱ्या कोणत्या पदार्थात असते.

फायटेटचा अडसर आपल्या जुन्या पाककृतींनी बराच दूर केलेला आहे. मटकी रात्रभर भिजवून, उपसून, ओल्या फडक्यात घट्ट बांधून ठेवली की दुसऱ्या दिवशी तिला मोड येतात. या वेळात दाण्यातले फायटेज हे विकर जागे होते आणि फायटेट फोडू लागते, त्यामुळे जस्त आणि लोह मोकळे होते. आंबवण्यानेही हेच साधते. म्हणून मोड आलेल्या कडधान्यांची उसळ, नाचणीची किंवा ज्वारीची आंबील, इडली, डोसा आणि ढोकळा यांतली खनिजे अधिक अंगी लागतात. लिंबू पिळल्याने वनस्पतीजन्य लोहाचे शोषण वाढते, तर जेवणाबरोबर चहा घेतल्याने ते घटते.

गोळ्यांची गरज काहींना खरोखर असते. जुनाट जुलाब, सिलिअ‍ॅक आजार, लठ्ठपणासाठी केलेली पोटाची शस्त्रक्रिया, यकृताचे दीर्घकालीन विकार अशी पार्श्वभूमी असलेले रुग्ण त्यांत येतात. त्यांनी रक्ततपासणी करून डॉक्टरांच्या सल्ल्याने मात्रा ठरवावी. पाळी गेलेल्या स्त्रियांनी आणि साठीपुढच्या सर्वांनी, विशेषतः किरकोळ पडण्याने हाड मोडले असेल, उंची कमी होत असेल किंवा दीर्घकाळ स्टिरॉइड चालू असेल तर, हाडांच्या घनतेची तपासणी डॉक्टरांना विचारून करून घ्यावी.

खनिजे कितीही योग्य असली तरी ड जीवनसत्त्व, पुरेशी प्रथिने आणि हाडांवर भार देणारा व्यायाम यांच्याशिवाय त्यांचा उपयोग होत नाही. झपझप चालणे, जिने चढणे आणि वजन उचलणे यांमुळे हाडजनक पेशींना कामाला लागण्याचा निरोप मिळतो. बोअरवेलचे पाणी पिणाऱ्यांनी मात्र त्याआधी एक काम करावे : ग्रामपंचायतीच्या किंवा जिल्ह्याच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेतून आपल्या पाण्यातले फ्लोराईड मोजून घ्यावे. फ्लोराईडमुळे एकदा आखडलेला सांगाडा पूर्वीसारखा करणारे औषध नाही, पण वेळेवर बदललेल्या पाण्याने घरातल्या मुलांची हाडे नक्की वाचतात.